पडद्यावरचे हात

इंदू,

तू जाऊन आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत आपल्या ओसरीवर जो जो येऊन बसला, त्यानं तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं, आणि मला त्यांतल्या निम्म्या लोकांचा संशय आला. शेजारच्या बापूनं तर गळाच काढला. "सोन्यासारखी वैनी गेली रं," म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होतो. ओले होते खरे. पण याच बापूनं वर्षापूर्वी पारावर बसून तुझ्या माठाची काय थट्टा केली होती, ते मला ठाऊक होतं. ती थट्टा त्याच्या तोंडात कुणी घातली, तेही ठाऊक होतं. म्हणून गप्प बसलो.

तू म्हणायचीस, "तुमी देवळात गेला तरी आदी देवाचं ओळखपत्र बगाल." खोटं नाही. चोवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी चौक्यांवर. गाडी थांबवायची, आतल्या माणसाला कुठून आला ते विचारायचं आणि उत्तराकडं लक्ष न देता तोंडाकडं बघायचं. ती सवय पेन्शनीबरोबर घरी आली. दुधवाल्यापासून जावयापर्यंत मी कुणाला सोडलं नाही. तुला मात्र सोडलं होतं. निदान मला तसं वाटायचं.

तुझे हात मला किती पाठ होते, ते तुला माहीत नव्हतं. लग्न झाल्यावर मी सुट्टीवर यायचो तेव्हा पंगतीला माझे वडील शेजारी बसायचे. त्यांच्यासमोर तुझ्याकडं मान वर करून बघायची सोय नव्हती, आणि तुझा पदर नाकापर्यंत. मला दिसायचे ते फक्त ताटात भाकरी टाकणारे हात. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं. माहेरी मेढ्याला भात कापताना विळा लागला होता, तेव्हापासून ते नख एकसंध वाढलंच नाही. दोन पात्यांसारखं वाढायचं. सुट्टी संपून परत गेलो की साथीदार बायकोचे फोटो काढून बघायचे. मला ते नख आठवायचं. तुझा चेहरा नंतर ओळखीचा झाला, हात आधी झाले. हे मी तुला कधी बोललो नाही. असलं काही बायकोला सांगायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

मातीचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते सांगलीला. आपल्या सुनीतानं नातीला उन्हाळ्याच्या सुट्टीत मातीकामाच्या वर्गाला घातलं आणि तिला सोडायला-आणायला म्हणून तू आठ दिवसांसाठी लेकीकडं गेलीस. आठाचे वीस दिवस झाले. मी रोज फोन करून विचारायचो, "काय चाललंय तिकडं?" तू म्हणायचीस, "काय न्हाई. मळतीया." मला वाटलं, कणीक मळतेस. नंतर कळलं की वर्गातल्या बाईंनी रिकामी बसलीस म्हणून तुझ्या हातात मातीचा गोळा दिला होता, आणि नात कंटाळून घरी राहिली तरी तू एकटी जात होतीस.

सुनीतानं विजेचं चाक आणून दिलं. आपला गोठा मोकळाच होता, तिथं ते मांडलंस. कच्ची भांडी गोधडीत गुंडाळून एसटीनं सांगलीला भाजायला न्यायचीस आणि तान्हं पोर घेऊन बसावं तशी मांडीवर धरून बसायचीस. तुझा पहिला माठ सकाळी भरला तर दुपारपर्यंत कट्ट्यावर तळं साचलं. मी म्हणालो, "हे गळतंय." तू म्हणालीस, "थंड करायचं तर पाझराय लागतंच की. जरा जास्त पाझारला." आणि पदर तोंडाला लावून इतकी हसलीस की मलाही हसू आलं. तेव्हा बापू कुंपणावरून म्हणाला होता, "सुभेदारीण चाकावर बसली व्हय आता?" मी त्याला तिथंच झापलं. "उसात राबताना लाज वाटली न्हाई तर मातीची कसली रं?" तू आत होतीस. ऐकलं होतंस. त्या दिवशी जेवताना न मागता तूप वाढलंस.

मग ती स्पर्धा आली. टीव्हीवरची, मातीकामाची. ज्यांचं पोट मडक्यांवर चालत नाही अशा हौशी लोकांसाठी. सुनीतानं तुला न विचारता अर्ज भरला आणि बाराजणांत तुझं नाव आलं. मला पहिल्या दिवसापासून त्या लोकांचा भरवसा वाटला नाही. चित्रीकरणाला आष्ट्याला आपल्या घरी दोघं आले होते, आठवतं? त्यांनी तुझ्या कमरेवर घागर दिली आणि उसाच्या कडेनं चालायला लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी म्हणालो, "अहो, नळ दारात आहे. ही कधी घागर घेऊन चालली नाही." त्यातला एकजण म्हणाला, "काका, आष्ट्याची वाटली पाहिजे ना." मी तुला बाजूला घेऊन म्हणालो, "ही माणसं खोटं दाखवणार." तू चिडलीस. "टीव्हीला लागतं तसं. तुमाला समद्यातच काळंबेरं दिसतं."

साताऱ्याबाहेर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये चित्रीकरण झालं. तू अडीच आठवडे तिकडं होतीस. सुरुवातीला रोज फोनवर भरभरून सांगायचीस. शेजारच्या चाकावर कोयनानगरचे कदम म्हणून आहेत, धरणाच्या नोकरीतून निवृत्त झालेत, त्यांच्या किटलीची तोटी रोज गळून पडते. त्यांच्या घरी भूकंपामुळं मांडणीवर भांड्यांच्या पुढं दोरी बांधून ठेवतात. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तुझं बोलणं आटलं. "बरं चाललंय," एवढंच.

परत आलीस ती गप्प. जिंकलीस का हरलीस विचारलं तर म्हणालीस, "टीव्हीवर येईस्तोवर काय सांगायचं न्हाई. कागदावर सही केलीया." फौजेतल्या माणसाला गुप्ततेचं वावडं नाही. पण तुझ्या पिशवीत एक मलमाची नळी निघाली, उंची वासाची. तुझ्या हातांनाही तोच वास होता. "ही कुठली?" विचारलं. "दिली त्यांनी." "कुणी?" "दिली म्हटलं न्हवं." मी ती नळी उलटसुलट करून बघितली आणि जागेवर ठेवली. पण मनात एक खूण करून ठेवली.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी सात वाजता आपल्या घरात माणसं जमायला लागली. सुनीता सांगलीहून यायची, बापू आणि त्याची बायको यायची, गल्लीतल्या चार-सहा बाया यायच्या. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचीस, बसायची नाहीस. पडद्यावर तू दिसलीस की बाया ओरडायच्या, आणि तू चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासायचीस.

पाचव्या रविवारी एका बैठकीत झाकणाचा मोठा माठ करायचा होता. पडद्यावर तू चाकावर बसलीस, जीभ दातांत धरलीस, ओल्या मातीवर वाकलीस. मग चेहरा गेला आणि नुसते हात दिसायला लागले. माठ वर चढत होता. डावा हात आत, उजवा बाहेर. कुणी श्वास सोडत नव्हतं. डावा हात बाहेर आला, काठावर टेकला, आणि मी ते पहिलं बोट बघितलं. नख एकसंध होतं. गोल, गुळगुळीत, गुलाबी. बोटं लांब, गोरी.

इंदू, मी विचार केला नाही. चौकीवर बोगस कागद दिसल्यावर तोंडातून निघतं तसं निघालं.

"हे हात हिचे न्हाईत."

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. बापू म्हणाला, "मग कुणाचं रं, सुभेदार?" आणि हसला. पडद्यावर तुझ्या माठाला त्या आठवड्याचा उत्तम माठ म्हणत होते, टाळ्या वाजत होत्या, आणि आपल्या घरात कुणी टाळी वाजवली नाही. मी तुझ्याकडं बघितलं. तू दारात नव्हतीस.

माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात आलो. तू भांडी घासत होतीस.

"खरं सांग. कुणी केला तो माठ?"

"मी."

"मग ते हात?"

"सही केलीया."

"मला सांगायला सही आडवी येती व्हय?"

तू हात धुतलेस. पदराला पुसलेस. "तुमालाच सांगायला येती," म्हणालीस आणि परड्यात निघून गेलीस.

सकाळपर्यंत बापूनं गावभर केलं. सुभेदारणीचा माठ भाड्याच्या हातांचा. खुद्द नवराच म्हणतो, मग काय राहिलं? पुढच्या रविवारी टीव्हीवर तुझ्या वाट्या भट्टीत तडकल्या आणि तू स्पर्धेतून बाहेर पडलीस. ते सगळं चित्रीकरणात दीड-दोन महिन्यांपूर्वीच घडून गेलं होतं, पण गावानं दोन्हींचा मेळ घातला. "चोरी पकडली आसंल," म्हणाले. तू चाकावर पोतं टाकलंस. पुन्हा ते काढलं नाहीस.

आपण बोलणं टाकलं असं नव्हे. जेवायला वाढलंय, उसाला पाणी सोडलंय का, वीजबिल आलंय. एवढं बोलत होतो. पण तुला फोन यायला लागले. नाव यायचं 'कदम कोयना'. फोन वाजला की तू परड्यात जायचीस, चिंचेखाली उभी राहून हळू बोलायचीस. मी खिडकीतून बघायचो. एकदा तू डोळे पुसलेस. एकदा हसलीस. महिनाभर माझ्याशी हसली नव्हतीस.

मी काय काय मनात आणलं ते आता लिहायचं म्हटलं तरी हात थांबतो. पण तुझ्यापासून लपवायचं तरी आता काय? मला वाटलं, साताऱ्याच्या त्या अडीच आठवड्यांत काहीतरी झालंय. माठ त्यानं केला असेल, तुझ्यासाठी. ते मलम त्यानं दिलं असेल. टीव्हीवर त्यानं तुला पाण्याचा तांब्या दिला होता, ते दृश्य मी मोबाइलवर कितीदा थांबवून बघितलं.

आणि मग मी साताऱ्याला गेलो. तुला सांगितलं, पेन्शनीच्या कामाला जातो. तू म्हणालीस, "जावा." डबा दिलास. डबा घेऊन मी तुझी चौकशी करायला निघालो.

शेडला कुलूप होतं. राखणदार म्हातारा, मुलगा फौजेत असलेला. माझी पलटण ऐकल्यावर त्यानं खाट टाकली. टीव्हीवाले कधीच गेले म्हणाला. हात कुणाचे, कदम कोण, त्याला काहीच माहीत नव्हतं. "सामान मातर हितंच टाकून गेल्यात बगा. बगायचं आसंल तर बगा." त्यानं दार उघडलं. आत फळ्यांवर मडकी धूळ खात पडली होती. तुझा माठ दुसऱ्या फळीवर होता. झाकण होतं, आणि पोटावर चिकटपट्टीवर तुझं नाव.

मी झाकण काढलं आणि हात आत घातला. तुला माहीत आहे, चाकावर भांडं वर चढवताना आतल्या बोटाची रेघ तळापासून मानेपर्यंत गोल गोल फिरत जाते. कुणाचीही रेघ एक असते. माझ्या बोटांना दोन लागल्या. शेजारी शेजारी, बारीक, तळापासून वरपर्यंत. दुभंगलेल्या नखाच्या. मी पुन्हा पुन्हा हात फिरवला. राखणदार म्हणाला, "काय साप हाय का काय आत?"

माठ तूच केला होतास. त्यात शंकेला जागा नव्हती.

"घिऊन जावा की," तो म्हणाला, "टाकायचंच हाय सगळं."

मी तो आणला नाही. आणला असता तर तुझ्यासमोर ठेवताना काहीतरी बोलावं लागलं असतं. कुठं गेलो होतो, का गेलो होतो, आणि त्यानंतरचं ते वाक्य. मी झाकण लावलं, एसटी धरली, घरी आलो. तू विचारलंस, "झालं काम?" मी म्हणालो, "झालं." संशयाचं असंच असतं. एक दार बंद झालं की तो दुसऱ्या दारानं आत येतो. माठ हिचाच, मग दुसऱ्याचे हात का दाखवले? त्यात हीही सामील असणारच. आणि मग तो कदम कोण? असं म्हणत म्हणत मी आठ महिने काढले. तुला एवढं जरी म्हणालो असतो की माठ तुझा आहे हे मला कळलंय, तरी चाललं असतं. तेवढंही म्हणालो नाही.

तुझ्या छातीत कळ आली ती सकाळी, भाकरी थापताना. सांगलीला नेलं. डॉक्टर जे सांगतील त्यावर मी दहा प्रश्न विचारत होतो, सुनीता मला गप्प करत होती. तिसऱ्या दिवशी तुला बरं वाटलं. पेज घेतलीस. सलाइन लावलेला डावा हात चादरीवर होता आणि मी त्या नखाकडं बघत बसलो होतो.

"काय बगताय?" तू विचारलंस.

सगळं ओठांवर आलं होतं. पण शेजारच्या खाटेवर माणसं होती, नर्स येत-जात होती. मनात म्हटलं, घरी गेल्यावर बोलू.

"काय न्हाई," म्हणालो.

तू मान फिरवलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हरांड्यात फोनवर होतो, उसाच्या पाण्याची पाळी कुणाची यावर हुज्जत घालत. सुनीताची हाक ऐकून आत धावलो, तोवर संपलं होतं.

आठव्या दिवशी कदम आले. फाटकातून आत येणारा म्हातारा मी ओळखला, टीव्हीवर बघितला होता. प्रत्यक्षात जास्त वाकलेला, कवळी सैल. कोयनेहून दोन एसट्या बदलून आले होते. मी चहा दिला, पण समोर बसून राहिलो, नजर न हलवता. त्यांनी तुझ्या फोटोला हात जोडले आणि रडले. आवाज न करता. मला ते रडणं खोटं वाटेना, आणि त्याचाच मला राग आला.

"तुमी तिला फोन का करत होता?" मी विचारलं. सरळ. सुनीता "आप्पा!" म्हणाली.

कदमांनी डोळे पुसले. "तुमास्नी सांगा म्हणून मागं लागलो हुतो, सुभेदारसाहेब. दर वेळी तेच. आन दर वेळी त्या न्हाई म्हणायच्या."

"काय सांगा?"

"हातांचं."

मग त्यांनी सांगितलं. चौथ्या दिवशी चित्रीकरणात एकजण पडद्यावर बघून म्हणाला, बाईंचे हात जवळून चालणार नाहीत. काळे दिसतात, भेगा दिसतात, ते नख तर फारच वाईट दिसतं. सगळ्या लोकांसमोर म्हणाला. तुला मलम दिलं. तू चार दिवस लॉजवर हाताला मलम चोळत होतीस, इंदू. उसाच्या पात्यांनी चिरलेल्या हातांना चार दिवसांत काय होणार? मग त्यांनी पुण्याहून एक मुलगी आणली, नुसती हातांसाठी. माठ तू केलास, पूर्ण, सगळ्यांदेखत. तो झाल्यावर त्या मुलीला तुझ्यासारखंच पातळ नेसवलं, चाकावर बसवलं, आणि तिचे हात टिपले.

"त्या पोरीला मातीतलं काय बी येत न्हवतं," कदम म्हणाले. "बोटं कुठं ठेवायची, अंगठा कसा दाबायचा, समदं वहिनींनीच दावलं. तिच्या मागं बसून, तिचं हात धरून. पोरगी रडाय लागली तर तिला म्हणाल्या, तुजा काय दोष न्हाई बाळ."

सुनीता उठून आत गेली. मी जे तोंडाला आलं ते विचारलं.

"तिनं मला का सांगितलं न्हाई?"

"मी बी तेच म्हणायचो. तवा, साताऱ्यात आसताना, म्हणाल्या, आमच्या मालकांना कळलं तर ते हितं येऊन क्यामेरा फोडत्याल. बोलला म्हणून शेजाऱ्याला सोडलं न्हाई त्यांनी, या लोकांस्नी सोडत्याल व्हय? असं म्हणून हसायच्या."

"आणि नंतर?"

कदमांनी बशी खाली ठेवली. "नंतर म्हणाल्या, माजं हात कुठं गेलं, असं त्यांनी इचाराय पायजे हुतं. त्यांनी इचारलं, हे हात कुणाचं."

तेराव्याला जेवणं झाल्यावर मी ओसरीवर उभा राहिलो आणि हे सगळं, कदमांनी सांगितलं तसं, जमलेल्या माणसांना सांगितलं. साताऱ्याला मी गेलो होतो, माठात हात घातला होता, आठ महिने गप्प बसलो होतो, तेही सांगितलं. बापूनं मान खाली घातली. त्याच्यापेक्षा जास्त माझी खाली होती. सुनीता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई आसताना सांगितलं आसतं तर?" परवा मी पुन्हा साताऱ्याला जाऊन आलो. शेडमध्ये आता पेंडीची पोती आहेत. राखणदार म्हणाला, मडकी पावसाळ्याआधी ट्रॅक्टरमध्ये भरून कुठंतरी खड्ड्यात टाकली.

माझा तुझ्याशी वाद अजून संपलेला नाही, हे मात्र लिहून ठेवतो. तू सांगायला हवं होतंस. मी चुकलो ते एका वाक्यात, आणि तू एका वाक्यात मला सुधारू शकली असतीस. तू म्हणशील, एवढ्या वर्षांनी नवऱ्याला आपले हात स्वच्छ आहेत हे बाईनं सांगायचं? तेही खरं. पण वाद आहे.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी जाताना कदम पायरीवर थांबले. चप्पल पायात सरकवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मनाला लावून घिऊ नका, साहेब. वहिनींनी तुमास्नी कवाच माफ केलं हुतं. मला फोनवर तसं म्हणाल्या."

मी त्यांना काही विचारलं नव्हतं. न विचारता दिलेलं उत्तर तपासून घ्यावं, एवढं मला चौकीनं शिकवलंय. कदम भला माणूस आहे. दोन एसट्या बदलून आला होता, समोर विधुर म्हातारा बसला होता, त्याला मोकळ्या हातानं सोडून जाववेना. म्हणून तेवढं एक खोटं देऊन गेला. बाकी जे सांगितलं त्यातल्या शब्दाशब्दावर माझा विश्वास आहे. यावर नाही.

मी तुला ओळखतो. माझ्या धाकट्या भावानं तुझ्या आईचा एकदा अपमान केला होता, तर तो स्वतः मेढ्याला जाऊन त्यांच्या पाया पडेपर्यंत तू त्याला पाणीसुद्धा हातानं दिलं नाहीस. सहा वर्षं. माफी मागितल्याशिवाय तू कुणाला सोडलं नाहीस, आणि मी मागितली नव्हती. दवाखान्यात तू मान फिरवलीस ती उगाच नाही.

इंदू, माझं चुकलं.

आता तू लगेच काही म्हणू नकोस. एवढ्यावर तू मला माफ केलंस असं कुणी येऊन सांगितलं, तर मी त्यालाही दारातूनच परत पाठवीन.